लाल गोलातली आत्या

हसायचं तर खुशाल हसा, पण चहा संपेपर्यंत मध्ये बोलू नका. माझा गाढवपणा मला सलग सांगायचाय.

तर मी सायकलवर डहाणू गाठणार होतो. वसईहून निघायचं, विरारच्या जेट्टीवरून अकराच्या बोटीने खाडी ओलांडायची, वाटेतलं बघण्यासारखं काही सोडायचं नाही. दोन दिवसांची रजा काढली होती. सोसायटीत इतकी फुशारकी मारली होती की डहाणूला न पोचता परतलो असतो, तर लिफ्टमध्ये तोंड दाखवायची सोय नव्हती.

मला मुळात स्वस्थ बसवत नाही. महिनाभर जेवताना नकाशा, ऑफिसात नकाशा. कळंबचा किनारा, अर्नाळ्याचा किल्ला, केळव्याचा किनारा, सगळ्यांना हिरवे गोल काढले.

पण या वाटेवर किल्ल्यांपेक्षा आमचे नातेवाईक जास्त! आणि आमच्यात दारावरून गेलात नि आत डोकावला नाहीत, तर वर्षभर अबोला. डोकावलात, तर जेवल्याशिवाय सुटका नाही. म्हणून नंदाखालची मालूआत्या, आगाशीचे मामा, केळव्याची मावशी, यांच्या घरांना लाल गोल काढले. लाल म्हणजे धोका. तिथून मागच्या गल्लीने सटकायचं.

नकाशा पाठवायचा होता सॅबीला, माझ्या सायकलच्या जोडीदाराला. घाईत गेला कुठे? घरच्या ग्रुपवर.

मी लगेच सॅबीला फोन लावला.

"अरे, पुसून टाक ना," तो म्हणाला.

"सगळ्यांनी बघितलाय रे."

तेवढ्यात आत्याचाच फोन. शाळेच्या सगळ्या सुट्ट्या मी हिच्या वाडीत काढलेल्या. आता ही काय म्हणणार?

"बाळ, सूनबाईने नकाशा दाखवला. माझ्या घराला लाल गोल केलास?"

"आत्या, ते म्हणजे…"

"कळतं हो मला. सिग्नल लाल असला की थांबतात. किती वाजता येतोस?"

तुम्ही काय बोलला असता? मी म्हणालो, "आठ वाजता."

मग मामांचा मेसेज आला, जेवायला थांबायचंय, वडे करतोय. पाठोपाठ विरारची काकू रुसली. "आम्हाला गोल नाही? आम्ही काय परके?" तिलाही लाल गोल काढून दिला.

ठरल्या दिवशी सॅबी नि मी आठला पोचलो, तर आत्या शेजारणींना घेऊन फाटकात उभी. "हा माझा भाचा. बघण्यासारख्या जागांत माझं घर घातलंय त्याने."

तेव्हा मात्र मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुकाट्याने आंबोळ्या खाल्ल्या, शहाळी प्यायलो. मग सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, आली. माझे डोळे घड्याळावर.

"आत्या, अकराची बोट आहे."

"दुपारीपण असते. बस."

दुपारची बोट मामांच्या वड्यांत गेली, संध्याकाळची काकूच्या खिरीत. सॅबी ढेकर देत म्हणाला, "मस्त टूर आहे रे. अशी दर महिन्याला काढू."

अंधार पडायच्या आत वसईत परत. डहाणू राहिलं बाजूला, खाडीचं पाणीसुद्धा दिसलं नव्हतं. कॅरियरला आत्याने बांधून दिलेला राजेळी केळ्यांचा घड. तो खांद्यावर घेऊन लिफ्टमध्ये शिरलो, तर आत नेमके चौथ्या मजल्यावरचे सेक्रेटरी. आणि फोन वाजला.

"पोचलास का रे? एक विचारायचं राहिलं. ते हिरवे गोल होते, तिथे कोण राहतं?"

"का गं, आत्या?"

"तिथे थांबायचं नाही, असंच ना? नसेल पटत तर नको जाऊस. पण असं गोल काढून चारचौघांना दाखवू नये, बाळा. त्यांनी पाहिलं तर किती वाईट वाटेल."

आत्या भोळी आहे की महाबिलंदर, हे मला अजून कळलेलं नाही. मी "हो" म्हणालो, मान खाली घातली आणि सेक्रेटरींच्या हातात दोन केळी ठेवली.

त्यांनी विचारलं, "डहाणूची का?"