टीप वेगळी, पगार वेगळा

स्टेशनसमोरच्या हॉटेलात टेबलं सांभाळणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत, अगदी मालकसुद्धा. नवरा गेल्यावर ती इथे लागली. भरलेल्या प्लेटा एका हातावर तोलून ती गर्दीतून अशी सटकायची, की बघणाऱ्याचाच जीव खालीवर व्हावा.

"पगार बेताचाच आहे हं, मावशी. बाकीचं टिपेतून सुटतं," असं मालकाने कामावर घेतानाच सांगितलं होतं. सगळीकडे असंच असणार, असं ती धरून चालली.

पण खिडकीजवळ बसणारा एक कंत्राटदार होता. टीप सढळ हाताने द्यायचा, पण नोट पुढे करताना मावशीचं मनगट धरून ठेवायचा आणि काहीतरी पाचकळ बोलायचा. मावशी कसनुसं हसायची. त्याची टीप गेली तर घरभाडं अडणार होतं. घरी आल्यावर मात्र ती मोरीत बसून साबणाने मनगट घासायची.

एकदा नणंदेने ते पाहिलं. नणंद एका सलूनमध्ये कामाला होती, बोलायला फटकळ. तिने खोदून खोदून विचारलं, तेव्हा मावशीने कंत्राटदाराचं आणि टिपेवर भागवायच्या पगाराचं सगळं सांगून टाकलं.

"अगं वहिनी, ठरलेलं किमान वेतन मालकाने पुरतं द्यायचं असतं! टीप त्यात धरता येत नाही. आमच्या मालकिणीनेही हेच चालवलं होतं."

"आणि तक्रार केली म्हणून त्याने काढून टाकलं तर?"

"त्यासाठी काढता येत नाही. ऊठ, मी येते बरोबर."

कामगार कार्यालयातल्या अधिकारी बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मालकाला बोलावलं. तो घाम पुसत आला.

"मॅडम, टिपा धरल्या तर यांची कमाई माझ्या मॅनेजरच्या वर जाते!"

"जाऊ दे की. टीप काय तुमच्या खिशातून जाते का?"

पुरा पगार द्यायचं मालकाने कबूल केलं, मागचा फरकही चुकता केला. काही दिवस तो मावशीशी फुगून होता. पण तिच्याइतकं गिऱ्हाईक सांभाळणारं दुसरं कोण होतं?

नंतर एका दुपारी कंत्राटदाराने पुन्हा मनगट धरलं. या वेळी मावशीचा आवाज खणखणीत निघाला.

"हात सोडा, साहेब. टीप द्यायची तर टेबलावर ठेवा, नाहीतर राहू द्या."

आजूबाजूची जेवणं थांबली. कंत्राटदाराने गल्ल्याकडे पाहिलं. मालक घुटमळला, मग म्हणाला, "मावशी सांगतायत तसं करा, साहेब."

नोट खिशात घालून तो तरातरा निघून गेला. मावशी आत जाऊन मटकन स्टुलावर बसली. आचाऱ्याने तिला पाणी दिलं.

"बरं वाटत नाहीये का?"

"छे रे," ती हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "कधी नव्हे एवढं बरं वाटतंय."