जुळ्या बहिणीची किडनी

आम्ही दोघी बहिणी जुळ्या, अगदी एकसारख्या. मी आचऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिला मसुऱ्यात दिली होती. लग्नानंतर आमच्यातला फरक एवढाच, की तिची बोटं काजू फोडताना लागणाऱ्या तेलाने काळी पडलेली असत आणि माझी खडूने पांढरी.

चाळिशी उलटली आणि तिच्या पायांना सूज येऊ लागली. दोन्ही किडन्या निकामी होत आल्याचं कळलं. सोनोग्राफीच्या कागदावर गाठींचं काहीतरी लिहिलं होतं, पण त्याचा अर्थ कोणी सांगितला नाही, आम्हीही विचारला नाही. आईचं वय झालेलं, आमच्या दादाला डायबेटीस, तिच्या नवऱ्याचा रक्तगट जुळेना. घरात सगळ्यांचं लक्ष माझ्याकडेच होतं.

"माका जरा इचार करूक दी," मी म्हटलं.

आई चिडली. "इचार कसलो? तुमचा दोघींचा रगात एकच. तेच्यात तुका काय इचारूचा?"

मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा राग जास्त. त्याच आठवड्यात दहावीच्या वर्गाला क्लोनिंग शिकवत होते. एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, प्रत्येकाचा एक क्लोन करून ठेवला तर बरं ना? आजारी पडलं की त्याचे अवयव घ्यायचे."

"आणि त्याने नाही म्हटलं तर?"

"त्याला कशाला विचारायचं? तो आपलाच ना!"

वर्ग हसला. मी खडू ठेवला आणि पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेले.

शेवटी मी हो म्हटलं. फोंडाघाटमार्गे कोल्हापूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी बहिणीचे कागद चाळले, आमच्या दोघींच्या तोंडांकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमचे वडील?"

"पंचेचाळिशीतच गेले. कशाने ते कळलं नाही."

त्यांनी माझी सोनोग्राफी करायला सांगितली. माझ्याही किडन्यांत त्याच गाठी निघाल्या. "हा आजार वडिलांकडून आलाय," ते म्हणाले. "तुम्ही दोघी एकाच पेशीतून झालात. तिच्यात जे आहे, ते तुमच्यात असणारच. तुम्हाला किडनी देता येणार नाही."

इतकी वर्षं मुलांना हेच शिकवत होते. मलाच ते सुचलं नव्हतं.

बाहेर येऊन बाकावर बसले आणि आधी सुटल्यासारखं वाटलं. आपणही आजारी आहोत, हे त्यानंतर ध्यानात आलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

परतताना गाडीत बहीण म्हणाली, "बरा झाला. आता तुझ्याकडे कोण मागूचो नाय." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माका पण वाटलेला, ती किडनी माझीच म्हणान. तुका एकदाव इचारूक नाय मी."

मी तिचा हात धरला.

पुढे कणकवलीला तिचं डायलिसिस सुरू झालं. सुट्टी असली की मी तिच्या खाटेशेजारी बसायची. समोर माझंच शरीर त्या यंत्राला जोडलेलं दिसायचं. एकदा तिने विचारलं, "तू पोरांका ता क्लोन शिकवतंस, तेच्यातना माझी नवीन किडनी होवची नाय?"

मी सांगितलं, की स्वतःचीच पेशी घ्यायची, तिच्यातला दोष काढायचा आणि तिच्यापासून अवयव वाढवायचा, असे प्रयत्न चालले आहेत.

"कधी मेळतली?"

"माहीत नाय गो."

"आणि वाढयतले खंय? दुसऱ्या कोणाच्या आंगात?"

"नाय. प्रयोगशाळेत."

"तसा आसात तर बरा," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या वर्षी, श्रावणात, ती गेली. मसुऱ्याच्या घरात तिला अंगणात आणून ठेवलं होतं. मी जवळ जाऊन बसले. आईने मान वर केली आणि माझ्याकडे पाहून तोंडावर पदर घेतला. "तू जरा मागल्या दारी बस गो," ती म्हणाली. "तुझा तोंड माका बघवणा नाय."

मी उठून मागच्या दारी जाऊन बसले.

आता माझ्या रक्तातलं क्रिएटिनिन, किडनी थकत चालल्याची खूण, दर तपासणीला थोडं वर सरकतं. गोळ्या चालू आहेत, शाळाही. हा आजार माझ्या लेकीत उतरला असण्याची शक्यता निम्मी आहे. तपासणी करून घे, असं तिला एकदा सांगितलं.

"आई, आता नको," ती म्हणाली.

"बरं," मी म्हटलं.