छत्रीसाठी वळलेली लाँच

आज खाडी ओलांडताना वाऱ्याने एका बाईंची छत्री पाण्यात उडवली. तांडेलाने शिव्या घालत का होईना, लाँच वळवली आणि बांबूने छत्री वर काढली. सगळे हसले. माझं मात्र डोकं भणाणलं.

माझे आजोबा महायुद्धात मालवाहू बोटीवर खलाशी होते. पाणबुडीने त्यांची बोट फोडली. पाण्यावर सांडलेलं तेल पेटलं आणि आजोबांसकट सगळी माणसं त्यात भाजत, हात वर करून ओरडत राहिली. थांबलेली बोट पाणबुडीला आयतीच सापडेल, म्हणून सोबतच्या ताफ्यातल्या बोटींना थांबायची सक्त मनाई होती. मागची बोट सरळ त्या माणसांवरून गेली, तिच्या पंख्याने त्यांचे तुकडे केले.

त्या मागच्या बोटीवर आमच्याच गावचे हसनचाचा होते. युद्ध संपल्यावर ते स्वतःहून आजीकडे आले.

"एक दोर टाकता आला नाही तुम्हाला?" आजी किंचाळली.

"वहिनी, मी खाली भट्टीवर होतो," चाचा म्हणाले. "वेग वाढवायचा हुकूम आला. मी फावड्यामागून फावडं कोळसा टाकत राहिलो. कुणावरून चाललोय, ते वर आल्यावर कळलं."