आप्पांचं एक मिनिट

आमचे आप्पा वारल्यानंतरही वर्षभर रोज संध्याकाळी आईवर ओरडत होते.

घाबरू नका! आप्पांचा आवाज आमच्या कॉम्प्युटरमध्ये होता. देवळाली प्रवऱ्यात, घराच्या ओसरीवर मी लग्नपत्रिका टाईप करून द्यायचा धंदा काढला, तेव्हा हौसेनं एक माईकही आणला. त्यात एका वेळी एकच मिनिट रेकॉर्ड व्हायचं. आप्पांचा सगळा जन्म साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलेला. ट्रॅक्टरच्या वरताण आवाज काढायची सवय. माईकसमोर बसले आणि गरजले, "हॅलो! हॅलो! अगं ए, चालू झालं का गं हे? बघ की! आता काय बोलू? अगं दूध! दूध उतू चाललंय तिकडं!" झालं मिनिट!

त्यानंतर काही महिन्यांतच आप्पा गेले. मग दिवेलागणीला आई पदराला हात पुसत यायची. "लाव रे त्यांना." मी लावायचो. ती स्टुलावर बसून ऐकायची, आणि दुधापाशी आलं की हमखास म्हणायची, "उतरवलंय हो कवाच!"

अशात मला अवदसा आठवली. नगरला सगळ्यांकडे विंडोज अठ्ठ्याण्णव आलं आणि आमच्याकडे अजून पंचाण्णवच! (जसं काही नवरीचा बाप विंडोज विचारूनच पत्रिका टाकणार होता.) मित्राकडून सीडी आणली. त्यानं बजावलं, "आधीचं सगळं पुसून मग नवं टाक. पण जपायचं असेल ते अगोदर फ्लॉपीत घे."

आई दारातच उभी. "त्यांना काय हुनार न्हाई ना?"

"अगं आई, मी कोर्स केलाय!"

"म्हनून तर इचारते."

मी पडद्यावरचं आप्पांच्या आवाजाच्या फाईलचं चिमुकलं चित्र माऊसनं ओढून फ्लॉपीत टाकलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत गेलं! एवढा दांडगा माणूस इतक्या चटकन? पण मला वाटलं, आपला हातच तसा आहे! लगेच फ्लॉपीतून लावूनही दाखवलं. "हॅलो! हॅलो!" अगदी खणखणीत. तरी आईच्या जिवाला चैन पडेना, म्हणून आणखी दोन फ्लॉप्या केल्या. एक तिनं लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवली, दुसरी पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात.

मग मी कॉम्प्युटर पुसला. नवं विंडोज टाकलं. दिवेलागण झाली.

"लाव रे त्यांना."

लावली फ्लॉपी. फाईल सापडत नाही! शालूतली आणली. तेच! तांदळातली आणली, फुंकर मारली, कपाळाला लावली. तेच! मित्राला फोन केला.

"चित्राच्या कोपऱ्यात बारका बाण दिसतो का?"

"दिसतो की."

"मग तो शॉर्टकट हाय, शहाण्या! आप्पा मशिनमध्येच हुते. फ्लॉपीत नुसता त्यांचा पत्ता गेला. पुसायच्या आधी वाजलं, ते मशिनमधनंच."

"आता रे?"

"आता काय! पत्ता हाय, मानूस न्हाई."

आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं "असू दे" म्हणाली. पण रोज दिवेलागणीला सवयीनं ओसरीवर यायची, पडद्याकडे बघायची आणि परत जायची. मलाही आप्पा हवे होते हो! शिव्या घालायला का होईना, त्यांनी एकदा हाक मारावी असं वाटायचं. नवं विंडोज झकास चालत होतं आणि मला त्याचं तोंड बघवत नव्हतं.

एकदा पत्रिकांची घाई होती. प्रिंटर नुसता करकरत होता. त्याच्या वरताण आवाज काढून मी आत ओरडलो, "अगं, चहा टाक की जरा!"

आत भांडं पडलं. "आले हो, आले!" करत आई डोक्यावरचा पदर सावरत धावत ओसरीवर आली. मला बघून थबकली. तिचे डोळे भरले. मग नाक पुसून म्हणाली,

"आवाज त्यांचा घेतलास रं सुभ्या. थोडी अक्कल बी घ्यायची हुतीस!"