जावई ओळखू यावा म्हणून लावलेलं शेपूट

माझ्या लग्नात माझ्या वडिलांनी स्वागताचा हार नवऱ्या मुलाऐवजी गाडी चालवणाऱ्या मिस्त्रीच्या गळ्यात घातला. आज मी हे हसून सांगते. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती कोणावर काढावी हे न कळल्यामुळे मी नुसती रडले होते.

खरं तर दोष कोणाचाच नव्हता, दोष गाडीचा होता. आमचे हे वाशीमला हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. त्यांचा एक मित्र मोटारी दुरुस्त करायचा, तो मिस्त्री. त्यानं कुठूनतरी एक जुनी विलायती गाडी मिळवली होती. तिची डिकी गंजून गळून पडली, तेव्हा त्यानं तेवढा भाग सरळ कापून टाकला आणि लोखंडी पेटीच्या बिजागऱ्या लावून वर उघडणारं एक दार मागे बसवलं. बाजूनं पाहिलं तर अर्धा कापलेला भोपळाच. मागे दार असलेल्या गाड्या आपल्याकडे नंतर कितीतरी वर्षांनी आल्या. मिस्त्री अजून सांगतो, पहिली माझी.

त्या गाडीत एक खोड होती. माझ्या माहेरचा, रिठदचा रस्ता तेव्हा मुरमाचा. गाडी पुढे पळायची आणि धूळ मागून आत यायची. दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या तरी कुठून ना कुठून यायची. काचा लावून घेतल्या तर आत माणूस उकडून निघायचा. आणि सगळी धूळ मागच्या सीटवर. पुढे बसलेला चालवणारा बऱ्यापैकी स्वच्छ राही.

लग्नाच्या दिवशी मागच्या सीटवर नवरदेव होते. आमच्या बौद्ध समाजात लग्नाला पांढरे कपडे. रिठदला मांडवासमोर गाडी थांबली तेव्हा पुढून उतरला पांढऱ्या सदऱ्यातला मिस्त्री आणि मागून उतरली एक तांबडी आकृती, पापण्यांसकट तांबडी. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जावयाला तोवर एकदाच, तेही कंदिलाच्या उजेडात पाहिलेलं.

"या, या जवाईबुवा!" म्हणून त्यांनी मिस्त्रीला हार घातला. मग मागे वळून म्हणाले, "अन तू रे? उभा काहून राह्यला? सामान उतरव ना."

आणि आमच्या ह्यांनी सामान उतरवलं! एक पेटी, दोन बोचकी. माझा नवरा असा माणूस आहे. कोणी सांगितलेलं काम आधी करायचं, मग बोलायचं. बोलले तोवर मांडव हसून हसून आडवा झाला होता.

आबांना आयुष्यात कोणी हसलं नव्हतं. स्वतःच्या मांडवात, स्वतःच्या हातून हे झालं, याचा त्यांना इतका राग आला की तो सगळा जावयावर गेला. "तोंड होतं ना त्याले? सांगता नाई आलं?" लग्न लागलं, जेवणं झाली, पण आबा ह्यांच्याशी एक सरळ शब्द बोलले नाहीत. पुढे वर्षभर मी एकटीच एसटीनं माहेरी जायचे. आई विचारायची, जावई कसे आहेत. आबा पाठ फिरवून बैलाशी बोलल्यासारखे बोलायचे, "तुहा मास्तर बरा हाये ना?" जवाई हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा निघाला नाही.

इकडे हेही कमी नव्हते. म्हणाले, "येईन, पण त्याच गाडीतून येईन. आणि स्वच्छ उतरेन."

"एसटी काय वाईट आहे?" मी म्हटलं.

"एसटीनं गेलो तर गाडीपुढे हरलो, असं होईल."

दोन हट्टी पुरुषांच्या मधे मी. आई माझ्याजवळ डोळे पुसायची आणि मी दातओठ खायचे. शेवटी वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला सगळा गाव पांढरं नेसून विहारात जमतो, तेव्हा आपण दोघं रिठदला जायचं, असं मी जाहीर करून टाकलं. आईला निरोपही धाडला. आता गाडी बदला नाहीतर नवरा बदला, एवढाच पर्याय ठेवला.

ह्यांनी माझ्या शाळकरी वेण्यांच्या लाल रिबिनी मागितल्या. त्यांचे तुकडे करून गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागच्या दारावर खळीनं चिकटवले. मग मिस्त्री गाडी चालवायला, हे खिडकीतून मान बाहेर काढून बाजूच्या रिबिनी पाहायला, आणि मी मागच्या सीटवर गुडघे टेकून, उलटं तोंड करून मागच्या काचेतून पाहायला. नवी सून गावातून अशी बसून चाललेली पाहून दोन बायांनी तोंडाला पदर लावला.

बाजूच्या रिबिनी शहाण्यासारख्या मागे उडत होत्या. पण मागच्या दारावरच्या? त्या पुढे उडत होत्या! माझ्याकडे तोंड करून काचेवर थपडा मारत होत्या. मी अशी ओरडले की मिस्त्रीनं करकचून ब्रेक लावला आणि आम्ही तिघंही आपापल्या जागेवरून घसरलो.

"अहो, मागं वारा उलटा वाहतोय!"

ह्यांचा चेहरा त्या क्षणी पाहायला हवा होता. लग्नात माझ्याकडे बघूनही इतका उजळला नव्हता. रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून त्यांनी मातीत चित्र काढलं. गाडी पुढे सरकते, तिच्या मागे जागा रिकामी पडते, ती भरायला वारा धुळीला घेऊन उलटा धावतो. गाडी एकदम तुटल्यासारखी न संपता हळूहळू निमुळती होत गेली, तर वारा अंगाअंगानं निघून जाईल. "माशाला शेपटी कशी निमुळती असते, तशी."

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. "मंग शेपूट लावा लागते, मास्तर. पन पत्र्याचं लावलं त वजनानं गाडीचं नाक वर होईन."

कणगीची कल्पना माझी. हे आता सगळीकडे "मी बनवलं" म्हणून सांगतात, ते खोटं आहे. बांबूची, हलकी, एका बाजूला निमुळती वस्तू मी जन्मापासून घरात पाहत आले होते, त्यात आम्ही ज्वारी भरत असू. मी टोपल्या विणणाऱ्या मावशींना बोलावून आणलं. त्या गाडीभोवती दोन फेऱ्या मारून कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या.

"मास्तरीणबाई, हे काय होय? कणगी म्हनावं त आडवी, लेकराचा पायना म्हनावं त लय मोठा."

"गाडीचं शेपूट होय, मावशी."

त्या खाली बसून हसल्या. मग उठल्या, हातानं गाडीची मापं घेतली आणि तीन दिवसांत असं शेपूट विणून दिलं की हे त्याच्यावरून हात फिरवतच राहिले. टोक मात्र आम्ही बोथटच ठेवलं, नाहीतर बाजारात कोणाच्या म्हशीला लागायचं.

पण मावशींनी न सांगता एक गोष्ट केली होती. कणगी म्हटली की ती शेणमातीनं लिंपायचीच. त्यांनी शेपूट आतबाहेर सुंदर लिंपून, वाळवून आणलं. नाही म्हणायची आमची छाती झाली नाही. मिस्त्रीनं आकडे आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या लावून ते मागे बांधलं आणि आम्ही निघालो. पहिल्याच खड्ड्यात धाडकन आवाज आला. खिडकीतून मागे पाहतो तो रस्त्यावर पोपड्यांची रांग आणि ते पोपडे चुकवत येणारा एक सायकलवाला, आमच्या नावानं बोटं मोडत. मिस्त्री स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता, हे खाली उतरून पोपडे गोळा करत होते. मावशींना कळलं तेव्हा त्या आमच्यावरच चिडल्या. "कणगी कोनी पयवते काय?"

मग उरलेलं लिंपण खरवडलं आणि मी माझं शिवणयंत्र काढलं. जाड मांडवाचं कापड पाकळ्यांसारखं कापून त्या सांगाड्यावर घट्ट खोळ शिवली. कापडानं धूळ धरू नये म्हणून त्यावर जवसाच्या उकळलेल्या तेलाचे चार हात दिले. आठ दिवस आमच्या अंगाला, अंथरुणाला, ह्यांच्या खडूलासुद्धा जवसाचा वास. वर्गातल्या पोरांनी विचारलं, "सर, डब्यात चटनी हाये काय?" त्या आठ दिवसांत आम्ही दोघं जेवढं हसलो तेवढं आधीच्या वर्षभरात बोललोही नव्हतो. तेलानं माखलेले हात वर धरून हे मला नाकाला खाज सुटली म्हणून सांगत, आणि मी माझ्या कोपरानं त्यांचं नाक खाजवून देई. शेजारच्या बाईंनी हे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

पौर्णिमेच्या सकाळी ह्यांनी पांढराशुभ्र सदरा-पायजमा घातला, मी पांढरी साडी. मिस्त्रीनं शेपटाच्या टोकाला उरलेली लाल रिबीन बांधली.  हे तांबडे होऊन उतरले असते तर आबांनी पुढची दहा वर्षं तोंड फिरवलं असतं, आणि ह्यांनी रिठदचं नाव टाकलं असतं. मी सीटवर एक पांढरा रुमाल पसरला आणि त्याच्याकडे टक लावून बसले.

पहिला मैल गेला. रुमाल पांढरा. नाल्यापाशी सगळ्यात जाड फुफाटा, तोही गेला. रुमाल पांढरा! मी ह्यांच्या बाहीवर बोट फिरवलं, बोट स्वच्छ. मी नाकात बोट घालून पाहिलं, तेही स्वच्छ. ह्यांनी गंभीरपणे तसंच करून पाहिलं. मग आम्ही दोघं वेड्यासारखे ओरडायला लागलो, मिस्त्रीनं भोंगा दाबला तो सोडलाच नाही, आणि गावाचा फाटा कधी मागे पडला ते आम्हाला कळलंही नाही.

दारात आई ओवाळायला उभी होती. हे उतरले. धुतलेल्या तांदळासारखे. गल्ली जमली. कोणीतरी म्हणालं, "बाप्पा, जवाई त गोरा होय!" आई हसत होती, पण माझं लक्ष तिच्या मागे.

"आबा कुठं?"

"सकायपासून सायकल घेऊन गेले कुठी त," आई म्हणाली. माझा सगळा आनंद खाली बसला. म्हणजे तोंड बघायचं नाही म्हणून घरातूनच निघून गेले.

तेवढ्यात गाडीच्या मागे कोणीतरी सायकल टेकवली. नखशिखांत तांबडा एक म्हातारा, बगलेत डबा धरलेला, आमच्या शेपटावर बोटानं टकटक करत होता. माझं डोकं आधीच फिरलेलं. "हात नोका लावू ना वो! कोन होय तुमी?"

 म्हातारा धापा टाकत नुसता माझ्याकडे पाहत राहिला.

हे मात्र एका नजरेत ओळखून पुढे धावले. आईनं दारात भरून ठेवलेला पाण्याचा तांब्या घेतला आणि त्याच्यापुढे वाकले. "मामाजी, आधी तोंड धुवा."

मला स्वतःच्या बापाची ओळख पटली नव्हती. ह्यांना पटली. नंतर मी विचारलं, कसं ओळखलंत? म्हणाले, धुळीच्या आतून माणूस कसा बघतो ते मला माहीत आहे.

आबांनी तोंड धुतलं, हात तसेच तांबडे राहिले. ओठांवरून पाणी गळत असतानाच बोलायला लागले. "फाट्यावर उभा होतो मी. हात केला, वरडलो. थांबाल त कायचे! मंग सायकल काढली मांगं. शेपूट लावलं तुमी, मांगचं दिसाची सोय कोन करीन?" खरंच होतं. शेपटानं मागची काच पूर्ण झाकली होती, आणि आमच्या ओरडण्यात त्यांची हाक विरून गेली होती. आम्ही टाकलेली सगळी धूळ फाट्यापासून घरापर्यंत त्यांनी एकट्यानं खाल्ली होती.

मग त्यांनी बगलेतला डबा उघडला. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेला मोगऱ्याचा हार होता, एकही कण न लागलेला. तो त्यांनी ह्यांच्या गळ्यात घातला आणि दोन्ही खांदे धरून, गल्लीभर ऐकू जाईल असं विचारलं, "ह्या खेपेले बराबर जवायालेच घातला ना रे?"

गल्ली हसली. आबाही हसले. मी हसता हसता रडायला लागले आणि कितीतरी वेळ थांबलेच नाही.

वाशीमला परतल्यावर पाहिलं, तर त्या पांढऱ्या सदऱ्यावर दोन्ही खांद्यांना आबांची तांबडी बोटं उमटली होती. दिवसभरात ह्यांना लागलेली धूळ तेवढीच. शाळेत घालायला दुसरा सदरा नाही म्हणून हे कुरकुरत राहिले, पण मी तो सदरा महिनाभर धुतला नाही.