समुद्रात राहिलेला दादा

दवाखान्यातून वहिनी गेल्याचा फोन आला, तेव्हा मनात आधी आला तो दादा... आता त्याची वाट पाहणारं कोणीच उरलं नाही. महिना उलटून गेला, तो विचार अजून सुटत नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ वसंत. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात बाबांचा हातमाग चाले. समुद्र कोणी पाहिलेला नव्हता, तरी हा नौदलात गेला. सुटीवर आला की अंगणात खाट टाकायचा. त्याचं काम जहाजाच्या पोटात, इंजिनाजवळ; तिथे खिडकी नसते. घरातही छताखाली त्याला घुसमटल्यासारखं होई. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि एकाहत्तरची लढाई लागली. शत्रूच्या पाणबुडीने त्याचं जहाज बुडवलं. तार आली, दादा आला नाही. बाबांनी दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म करायचं ठरवलं. वहिनींनी खालच्या आवाजात एवढंच विचारलं, "ज्यायले घरी आणलंच नाही, त्यायले पोचवू कशी?" बाबा उठले आणि मागावर जाऊन नुसते बसून राहिले.

उन्हाळ्यात दादाचा एक सोबती घरी आला, रत्नागिरीकडचा. स्फोट झाला तेव्हा तो डेकवर होता म्हणून वाचला. दादा खाली ड्यूटीवर होता. तो सांगत होता आणि वहिनी दाराआडून ऐकत होत्या. शेवटी त्या पुढे आल्या. "पाणी थंड होतं काय?"

त्याने मान खाली घातली. "नाही वहिनी. कोमट होतं."

मी त्याला बसपर्यंत सोडायला गेलो. वाटेत तो म्हणाला, की रात्रभर पाण्यात त्याचे स्वतःचे दात थंडीने वाजत होते... हे घरी सांगू नकोस. मी कधीच सांगितलं नाही.

वहिनी आमच्यातच राहिल्या, शाळेत शिवण शिकवून निवृत्त झाल्या. डिसेंबरच्या थंडीतही त्या नळाच्या पाण्याने अंघोळ करत. सवय असेल, असं आम्ही धरून चाललो. गेल्या हिवाळ्यात त्यांचा खोकला बळावला, तेव्हा मी गिझरच्या पाण्याने बादली भरून ठेवली आणि म्हटलं, असा हट्ट काहून करता? त्यांनी बादलीत बोटं बुडवली, काढून पदराला पुसली.

"त्यायले कोणी पाणी तापवून देल्लं होतं काय, भाऊजी?"

म्हणजे तो माणूस खोटं बोलला, हे त्यांना तेव्हाच समजलं होतं.

यंदाही नागपुरात थंडी पडली आहे. बायको माझ्यासाठी पाणी काढून ठेवते. मी न्हाणीत जातो, वाफेकडे पाहत उभा राहतो... आणि बराच वेळ तांब्या उचलवत नाही.