आईचं शपथपत्र

बऱ्हाणपूर स्टेशनवर मुंबईकडची गाडी यायला अर्धा तास होता आणि आई माझी फाइल मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. बॅगा माझ्या धाकट्या भावाने, संजूने, सांभाळल्या होत्या. फाइलला मात्र तिने कुणाला हात लावू दिला नाही. पासपोर्ट, व्हिसाचं पत्र, लग्नाचा दाखला, सगळं तिने तिथेही दोनदा काढून पाहिलं. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, पण कुठल्या कागदामागे कुठला कागद येतो हे तिला तोंडपाठ झालं होतं. लग्न होऊन तीन वर्षं झाल्यावर मी पहिल्यांदा नवऱ्याच्या घरी चालले होते. एरवी माझी आई फोपनारला माहेरी जायचं म्हटलं तरी आधी वार बघायची. त्या दिवशी तिने वार विचारला नाही आणि मीही सांगितला नाही. गाडी हलली तेव्हा खिडकीतून दराब्याच्या मिठाईचा डबा आत सरकवत ती एवढंच म्हणाली, "तारीख सांभाळजो, माय."

ही तारखेची भानगड लग्नाच्या आधीची. माझी मोठी बहीण मंदाताई इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. तिचं पहिलं बाळंतपण आलं तेव्हा तिला सासू नव्हती आणि आईच्या गुडघ्यांनी जवाब दिलेला. म्हणून शाळेतली नोकरी सोडून मी गेले, सहा महिन्यांच्या व्हिसावर. बाळ झालं, तीन महिन्यांचं झालं, मला हसून ओळखायला लागलं. व्हिसा गुरुवारी संपत होता आणि परतीचं तिकीट बुधवारचं होतं. आईचा फोन आला. "बुधवारी नको निघू. जाशील बुधी, येशील कधी! शुक्रवारी निघ, कौनसा पहाड टूट रहा है?"

आम्ही तिघींनी मिळून तिकीट शुक्रवारचं केलं. एक दिवस जास्त होतोय हे दिसत होतं, पण एका दिवसाला कोण विचारतं, असं आम्हाला अगदी मनापासून वाटलं. आपण निघालेल्या पाहुण्याची पिशवी लपवून ठेवणारी माणसं. जातो म्हणणाऱ्याला निदान एक दिवस थांबवलं नाही तर त्याला वाईट वाटेल, हे आपल्याला दुधाबरोबर पाजलेलं. कुठल्या सरकारला आपल्या राहण्याचाच राग येईल, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. गुरुवारी बाळाची छाती भरली. त्याला दवाखान्यात ठेवलं, घरी आणलं, पुन्हा ठेवलं. ताई सैरभैर झाली होती, भाऊजी कामावर, आणि बाळ माझ्याच खांद्यावर झोपायचं. मी परतले तेव्हा व्हिसा संपून बेचाळीस दिवस झाले होते. विमानतळावर कुणी हटकलं नाही. मिटलं, असं आम्ही समजलो.

पुढे दोन वर्षांनी प्रकाशचं स्थळ आलं. मूळचा बहादरपूरचा, लेस्टरला बस चालवणारा, तिथेच कायमचा झालेला. लग्न बऱ्हाणपुरात झालं, एका महिन्याने तो परत गेला आणि मी माहेरीच राहिले, चार-सहा महिन्यांत व्हिसा येईल म्हणून. फॉर्ममध्ये सरळ विचारलेलं होतं, पूर्वी कधी मुदतीपेक्षा जास्त राहिलात का. आम्ही हो लिहिलं. वकिलाच्या सल्ल्याने मी कारणाचं पत्र जोडलं: बाळाचं आजारपण, दवाखान्याचे कागद. बुधवारचं लिहू नका, असं वकीलच म्हणाला होता. हसतील.

हे आईच्या कानावर गेलं असणार. ती कुणाला काही बोलली नाही. एका सकाळी चांगलं लुगडं नेसून ती संजूबरोबर कचहरीत गेली आणि स्टॅम्पपेपरवर शपथपत्र करून आली. हिंदीत, खाली नोटरीने करून दिलेला इंग्रजी तर्जुमा. 'मैंने ही अपनी बेटी को बुधवार के दिन निकलने से रोका था। वह आना चाहती थी। दोष मेरा है, उसका नहीं।' खाली तिची सही. कचहरीचा शिक्का म्हणजे पक्कं काम, यावर तिचा देवासारखा विश्वास. ऑनलाइन अर्जाला कागद चढवायचं काम संजूकडे होतं. त्याने तो सगळ्यात शेवटी लावून दिला. मला सांगितलंही नाही. दीदीला नंतर सरप्राइज, म्हणे.

अर्ज नामंजूर झाला. पत्रात लिहिलं होतं की मुक्काम वाढल्याची दोन वेगवेगळी कारणं दिली आहेत, एक अर्जदाराने आणि एक तिच्या आईने, त्यामुळे सांगितलेल्या गोष्टींवर भरवसा ठेवता येत नाही. मग लग्नावरही शंका. आमच्या लग्नाला चारशे माणूस जेवलं होतं.

दोन्ही कारणं खरी होती हो. बुधवारी निघाले असते तर गुरुवारच्या आजारपणाच्या आधीच मी विमानात बसले असते. पण एवढं सांगायला त्या साहेबाच्या समोर कुणी बसलेलं नव्हतं. संजूने पत्र वाचून त्याचा अर्थ सांगितला तेव्हा आई चुलीपाशी पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "पण मी तं खरं लिहिलं होतं ना?" आणि मी, जिच्यासाठी तिने ते केलं होतं ती मी, तिच्यावर ओरडले. "तुझ्या खऱ्यानंच माझा संसार अडला," असं म्हणाले. ती पोळ्या लाटत राहिली. त्या दिवसानंतर ती माझ्यासमोर कधी कुठल्या वाराबद्दल बोलली नाही. मी माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू करता करता राहून गेली, आणि ते मला आजही सलतं.

लग्न झालेली मुलगी माहेरी तीन वर्षं राहिली की गल्ली काय काय बोलते ते बऱ्हाणपूरकरांना सांगायला नको. "जावईबापू येतात की नाही?" असं भाजीवालीसुद्धा विचारायची. प्रकाश रजा काढून दोनदा येऊन गेला, तरी लोकांचं समाधान नाही. दुसऱ्या अर्जात आम्ही बुधवारपासून बाळापर्यंत सगळं जसं घडलं तसं ओळीने लिहिलं. आईचं शपथपत्र या खेपेला मी स्वतः माझ्या पत्राच्या मागोमाग जोडलं. तो अर्ज मंजूर झाला.

लेस्टरची पहिली वर्षं मी धास्तावलेल्या माणसासारखी काढली. सँडविचच्या फॅक्टरीत नोकरी धरली, बसचे नंबर पाठ केले, शेजारच्या गुजराती काकूंकडून थंडीत कपडे कसे वाळवायचे ते शिकले. दुकानात स्टिकर चिकटवलेली केळी बघून केळीच्या मुलखातला प्रकाश रोज तोंड वाकडं करायचा, आणि रोज घ्यायचा. माझं खूळ तारखांचं. फ्रिजवर कॅलेंडर, त्यावर लाल गोल: व्हिसा संपायची, अर्ज करायची, इंग्रजीच्या परीक्षेची. लायब्ररीचं पुस्तकसुद्धा मी चार दिवस आधी परत करायचे. प्रकाश चिडवायचा, "तुझ्यावर बसचं टाइमटेबल लावावं." मी हसायचे, पण गोल पुसायचे नाही.

व्हिसा वाढवायचा अर्ज आम्ही मुदतीच्या पुष्कळ आधी भरला. नियम असा की निकाल येईपर्यंत देश सोडला तर अर्ज मागे घेतला असं धरतात. मग पुन्हा पहिल्यापासून, तेही बऱ्हाणपुरात बसून. अर्ज आत गेला आणि तिसऱ्या आठवड्यात संजूचा फोन आला की आईच्या किडन्या गेल्यात, डॉक्टरांनी फार दिवस दिलेले नाहीत.

प्रकाश म्हणाला, "जा. काय व्हायचं ते होईल, पुन्हा तीन वर्षं काढू." मी बॅग खाली काढली. आईला ते संजूने सांगितलं असावं, कारण दुपारी तिनेच फोन लावायला लावला. आवाज नळीतून आल्यासारखा. "येजो नको," ती म्हणाली. "माह्यामुळं एकदा अडली तू. आता नाही." मी म्हटलं, आई, कागद गेला खड्ड्यात. तर चिडली. "मी सांगते ना, नको. कागद पुरा कर, मग ये. मी हाय अजून." माफी मागायची ती वेळ होती. माझ्या तोंडून निघालं, "जेवलीस का?"

मी बॅग पुन्हा वर ठेवली. मी का गेले नाही, असं मला अजून नातेवाईक विचारतात. काही जणी न विचारताच ठरवून मोकळ्या झाल्यात. मी आईचं ऐकलं, हे खरं आहे. मला पुन्हा नवऱ्यापासून तुटायची भीती वाटली, हेही खरं आहे. एका गोष्टीची दोन कारणं असू शकतात, हे आता मी कुणाला पटवायला जात नाही.

आठव्या दिवशी आई गेली. संजूने राजघाटावर तापीच्या काठी मला दिसावं म्हणून फोन उंच धरला होता. मीच त्याला बंद करायला सांगितलं. तेरावं झालं, गोडजेवण झालं, आणि त्यानंतर सहाव्या दिवशी माझा व्हिसा मंजूर झाल्याची मेल आली. मी फॅक्टरीत जाळीची टोपी घालून ब्रेड वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यासमोर उभी होते. मॅनेजरने अभिनंदन केलं. मी थँक यू म्हटलं.

मग बऱ्हाणपूरला गेले. संजूच्या बायकोने, वहिनीने, गरम पाणी काढलं, कपाटातून नवा कोरा टॉवेल दिला, वरण-बट्टी केली. चांगली आहे बिचारी, आईचं सगळं तिनेच केलं. आईच्या खोलीत संजूच्या मुलीची अभ्यासाची टेबलखुर्ची आली होती, आणि ते बरोबरच होतं, पोरीचं पहिलीचं वर्ष. मी खुर्चीवर बसले तर ती उभी राहिली, आत्याला जागा हवी म्हणून.

तिसऱ्या दिवशी वहिनी गहू निवडत बसली होती. मीही सूप घेऊन शेजारी बसले. तिने सहज विचारलं, "ताई, तुमचं परतीचं कधीचं हाय?" तिला पापड-कुरडया करून द्यायच्या होत्या, त्याचा अंदाज हवा होता. मी तारीख सांगितली, गाडीची वेळ सांगितली. ती म्हणाली, "बरं, मग रविवारी करू," आणि पुन्हा गहू निवडायला लागली. ज्या घरात मी जन्मले तिथे माझी जायची तारीख ठरली होती, ती मीच सांगितली होती, आणि ऐकून कुणीही नको म्हणालं नव्हतं.